सदर इसमास बरे वाटते

"जावईबापू, चहा नंतर. आधी पंच म्हणून बसा."

सासुरवाडीच्या दारात जावयाचं असं स्वागत होतं, हे मला लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. बॅग अजून खांद्यावरच होती. कराडच्या त्या घरातल्या पुढच्या खोलीत मामा, म्हणजे माझे सासरे, कमरेला लुंगी आणि वर सदरा अशा वेषात ताठ बसले होते. समोरच्या टेबलावर पांढरा कागद अंथरलेला, त्यावर बोटभर उंचीची काळी बाटली, बाजूला भिंग, लाखेची कांडी आणि पेटती मेणबत्ती. शेजारचे पोतदार काका आधीच पंच होऊन बसले होते आणि त्यांच्या हातात पोह्यांची बशी होती. पंचाला पोहे मिळतात हे बघून मीही बसलो.

मामा लिहू लागले. मोठ्यानं बोलत लिहायची त्यांची सवय होती.

"आम्ही खालील सह्या करणारे पंच आज रोजी सकाळी शेवाळे यांचे राहते घरी हजर असता, आमचे समक्ष बाटलीचे सील तपासले. सील शाबूत. सदर बाटलीत हिरवट काळसर रंगाचा, उग्र वासाचा अमली द्रव मिळून आला. पोतदार, वास घ्या."

पोतदार काकांनी घास गिळला आणि वास घेतला. "उग्र," ते म्हणाले.

"सदर इसमाने सदर द्रवाचे तीन थेंब आमचे समक्ष आपले जिभेखाली सोडून घेतले."

एवढं लिहून झाल्यावर सदर इसमाने, म्हणजे मामांनीच, तोंड उघडलं, जीभ वर केली आणि थेंब घेतले. मग बाटलीला बूच, बुचावर कापड, कापडावर लाख आणि लाखेवर शिक्का. "सह्या करा," ते म्हणाले. मी सही केली. मला वाटतं, आपल्या औषधाच्या डोसाचा रोज पंचनामा करणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात तेवढा एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला होता.

मामा म्हणजे दिनकरराव शेवाळे, राज्य उत्पादन शुल्क खात्याचे निवृत्त निरीक्षक. जुनी माणसं त्याला अजून दारूबंदी खातंच म्हणतात. सगळी नोकरी धुळ्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. कापसाच्या आणि तुरीच्या आड लावलेला गांजा शोधायचा, उपटायचा, ट्रक भरून आणायचा, हेच त्यांनी पस्तीस वर्षं केलं. बांधावर उभं राहून वासावरून कुठल्या सरीत झाड आहे ते सांगत, असं त्यांचे जुने शिपाई अजून सांगतात. असा हा माणूस निवृत्त होऊन कराडला आला आणि त्याच्या छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण दुखणं गेलं नाही. अंगाला सुती कापड लागलं तरी मामा दात आवळत. ज्यांनी आयुष्यात बिनइस्त्रीचा शर्ट घातला नाही, ते दोन वर्षं घरात उघडे बसले. उघड्यानं बाहेर कसं जायचं, म्हणून बाहेर जाणंच बंद झालं.

सगळी औषधं झाली, इंजेक्शनं झाली. शेवटी एका आयुर्वेदिक रुग्णालयात दहा-बारा दिवस दाखल झाले. तिथल्या वैद्यबाईंनी पंचकर्म केलं, लेप लावले आणि थेंब सुरू केले ते विजयेच्या तेलाचे. विजया हे शास्त्रातलं नाव. झाड तेच, जे मामा पस्तीस वर्षं उपटत आले.

"चालेल का तुम्हाला?" वैद्यबाईंनी घाबरत विचारलं होतं.

"पानाचं आहे की शेंड्याचं?" मामांनी विचारलं. "कायद्यात शेंडा म्हणजे गांजा. पान गांजात धरत नाहीत."

"पानाचं."

"मग चालेल. चिठ्ठी द्या, सही-शिक्क्यासकट."

थेंब लागू पडले. आठवड्याभरात मामा सदरा घालू लागले. महिन्याभरात इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळी प्रीतिसंगमावर फिरायला जाऊ लागले. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनाला खात होती. उद्या कुणी म्हणालं की शेवाळे साहेब म्हातारपणी गांजाला लागले, तर? म्हणून रोजचा पंचनामा. किती थेंब घेतले, कुणासमक्ष घेतले, सगळं लेखी.

त्या सकाळी पंचाचं काम उरकून मी स्वयंपाकघरात गेलो. मामी भाकरी थापत होत्या आणि बोलत होत्या. मामी बोलतात. उठल्यापासून झोपेपर्यंत, भिंतीशी, भांड्यांशी, आणि मुख्यतः मामांशी. मामांनी गेल्या दोन वर्षांत त्यातल्या एकाही वाक्याला उत्तर दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या घरात असंच असतं, अशी माझी समजूत होती. माझ्या लग्नाला त्या वेळी नऊ वर्षं झाली होती आणि माझीही वाटचाल त्याच दिशेनं चालली होती.

मामींनी आवाज खाली आणला. "सुहासराव, ह्या औषधाची मला लई भीती वाटती बघा."

"का? दुखणं थांबलंय की."

"दुखणं थांबलंय, पण डोक्यावर परिणाम झालाय. काल जेवताना मला म्हणले, तुझ्या बहिणीच्या गुडघ्याचं काय झालं?"

"मग?"

"आनि वर म्हणले, साडी नवी दिसती. अवो, ही साडी मी चार वर्सं नेसतीया!"

"चांगलंच आहे की मामी."

"चांगलं कसलं? शुद्धीतला माणूस बायकोला असलं काय इचारतोय व्हय?"

मला हसू आलं. मी म्हटलं, होईल कमी हळूहळू.

आता यात माझा संबंध असा, की मी आरोग्य विम्याचा एजंट. मामांची पॉलिसी मीच काढून दिलेली. या धंद्यात सुरुवात नातेवाइकांपासून होते. आयुर्वेदिक रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार त्या पॉलिसीत बसत होते, घरी आल्यावरची औषधंही काही दिवस बसत होती. मी सुंदर फाईल तयार केली. दाखल्याचा कागद, घरी सोडल्याचा कागद, बिलं, चिठ्ठ्या. मामा म्हणाले, "एक दिवस माझ्याकडे ठेवा. फक्त पाहतो."

मामांनी पाहिली आणि रजिस्टर पोस्टानं स्वतःच पाठवून दिली.

उत्तर आलं. दावा नामंजूर. खाली कारण होतं: रुग्णाने स्वतःच्या सहीने सादर केलेल्या कागदांवरून रुग्ण नियमितपणे अमली पदार्थाचे सेवन करीत असल्याचे दिसते, व्यसन व त्यावरील उपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत.

मी मामांना फोन लावला. "मामा, कुठले कागद? मी तर असले कागद लावले नव्हते!"

"पंचनामे," मामा म्हणाले. "सगळे. क्रमाने, पान क्रमांक घालून. अर्धवट फाईल मी आयुष्यात पाठवलेली नाही."

आपल्या पंचनाम्यावर कोर्टातून एकही आरोपी सुटला नाही, असं मामा नेहमी अभिमानानं सांगत. त्या पंचनाम्यातून आता ते स्वतःही सुटले नव्हते.

मी दुसऱ्याच दिवशी कराडला गेलो. मामा पुन्हा उघडे बसलेले. बाटली कापडात गुंडाळून, चारी बाजूंनी सील करून कपाटात वरच्या फळीवर ठेवलेली. मामा ताठ बसले होते, पण चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"औषध बंद केलंत?"

"पत्र आलं त्या दिवसापासून."

"मामा, पैशाचं मी बघतो. तुम्ही औषध घ्या."

"पैशाचा प्रश्न कुठं आहे?" मामांचा आवाज चढला. "कागदावर मी व्यसनी आहे. छापील कागद आहे, जावक क्रमांक आहे, सही आहे. तो कागद उभा असताना मी थेंब घेतला, तर त्यांचं म्हणणं खरं झालं."

"अहो, कंपनीच्या कारकुनानं काहीतरी लिहिलं..."

"कारकून असो नाहीतर मंत्री असो. कागद खोडायचा दुसऱ्या कागदानंच. तोपर्यंत औषध बंद."

माणूस दुखण्यानं घामाघूम होतो आहे आणि औषध दहा पावलांवर कपाटात आहे. मला राग आला. मी कपाटाकडे पाहिलं तर मामा म्हणाले, "सीलला हात लावू नका. सील मोडणं गुन्हा आहे."

मामी मला परसात घेऊन गेल्या. "आता मला काय बी इचारत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मी बोलती आनि ते भिताडाकडं बघत्यात. पुन्हा तसंच. रातभर उभं राहत्यात वो खिडकीपाशी. पडलं की दुखतंय म्हणून उभंच." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी मला खडसावलं. "पॉलिसी तुमी दिली, कंपनी तुमची, जावई तुमी. मला माझा माणूस झोपलेला पायजे. काय करायचं ते करा."

मी करत होतो. कंपनीला अर्ज केला, तो फेटाळला गेला. वरच्या साहेबाला अर्ज केला, त्यानं खालच्याचंच उत्तर पुन्हा पाठवलं. शेवटी विमा लोकपालांकडे तक्रार घातली. तिथं एक अडचण होती. एजंटाला किंवा वकिलाला तक्रारदाराची बाजू मांडता येत नाही. तक्रारदारानं स्वतः बोलायचं. मी कुटुंबातला म्हणून बसू शकत होतो, पण तोंड उघडायचं नाही. ज्याचा धंदाच तोंडावर चालतो त्याला ही शिक्षा. त्याहून मोठी भीती अशी, की मामा स्वतः बोलणार होते.

पुण्याला सुनावणीची तारीख लागली. मी गाडी काढली. मामा मागच्या सीटवर उघडेच बसले, खिडक्यांना टॉवेल लावले. शर्ट इस्त्री करून हँगरला टांगलेला. मामी शेजारी बसून पुण्यापर्यंत बोलत होत्या आणि मामा समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते. मी मध्येच सांगत होतो, "मामा, विचारतील तेवढंच बोलायचं. हो की नाही, एवढंच. जास्त काही सांगायचं नाही."

"साक्षीत काही लपवायचं नसतं," मामा म्हणाले. त्या प्रवासातलं त्यांचं ते एकच वाक्य.

कार्यालयाच्या आवारात गाडी उभी केली. मामा उतरले आणि म्हणाले, "शर्ट." मामींनी एक बाही चढवली, दुसरी चढवली. कापड छातीला लागलं तसे मामांनी डोळे मिटले. मामी एकेक बटण लावत होत्या, कापड अंगापासून लांब धरून, श्वास रोखून. "मलमलचा सदरा आनलाय पिशवीत, तो घाला की वो," त्या म्हणाल्या. मामांनी मान हलवली आणि वरचं बटणही लावायला लावलं. मग पायऱ्या चढले, एकेका पायरीवर थांबत.

खोली साधी होती. लांब टेबल, टेबलामागे लोकपाल मॅडम, पिकलेले केस, चष्मा, समोर फायलींचा ढीग. एका बाजूला कंपनीचा माणूस. तो डॉक्टर होता, तिशीतला, सबनीस नावाचा. नम्र होता, तेच मला जास्त खटकलं. भांडखोर असता तर मामा पेटले असते.

मॅडम म्हणाल्या, "बोला शेवाळे साहेब, काय तक्रार आहे?"

मामा उभे राहिले. हात मागे बांधले.

"बसून बोला."

"साक्ष बसून देत नाहीत, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं. राहा उभे."

डॉक्टर सबनीसांनी पंचनाम्यांचा गठ्ठा काढला. "मॅडम, आमची बाजू अगदी साधी आहे. सरांनी स्वतःच लिहिलंय. पान अकरा बघा, 'सदर द्रव अमली असल्याचे दिसून येते.'"

"पान अकरावर त्रोटक आहे," मामा म्हणाले. "सतरा काढा. तिथं जास्त स्पष्ट लिहिलंय."

मी टेबलाखाली माझाच पाय माझ्या पायानं दाबला. डॉक्टर सबनीस म्हणाले, "थँक यू सर," आणि त्यांनी सतरावं पान काढलं. तिथं खरंच जास्त स्पष्ट होतं. रंग, वास, चिकटपणा, सगळं.

मॅडमनी गठ्ठा मागून घेतला आणि चाळला. वाचता वाचता त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "हा सदर इसम कोण?"

"मीच."

"स्वतःला इसम का म्हणता?"

"पंचनाम्यात 'मी' नसतो, मॅडम."

"आणि औषधाला अमली द्रव?"

"वैद्यबाईंच्या चिठ्ठीवर ते औषध आहे. माझ्या पंचनाम्यात तो मुद्देमाल. पस्तीस वर्षं त्या झाडाला तेच लिहीत आलो. हाताला दुसरा शब्द येत नाही."

"तुम्ही रुग्णालयात व्यसन सोडायला दाखल झाला होता का?"

"नाही. नागिणीच्या दुखण्यासाठी."

"रुग्णालयाच्या कागदावरही तेच आहे," मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. "मग तुम्ही व्यसन कुठून काढलंत?"

"मॅडम, आजार एक, व्यसन दुसरं, असंही असू शकतं," डॉक्टर सबनीस म्हणाले. "आम्हाला एवढंच ठरवायचंय की सर हे दुखण्यासाठी घेतात की त्याच्या सुखासाठी. मी सरांना एकच प्रश्न विचारू? सर, हे थेंब घेतल्यावर तुम्हाला आनंद होतो का?"

सापळा मला लगेच दिसला. 'नाही' म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढंच काम होतं. मी मामांकडे बघून मान नकारार्थी हलवायला लागलो. मॅडम म्हणाल्या, "जावईबापू, मानही हलवायची नाही." मी मान आवरली.

मामांनी खांदे ताठ केले. मग म्हणाले, "होतो."

मी डोळे मिटले. डॉक्टर सबनीस लिहू लागले.

"कसा आनंद होतो?" मॅडमनी विचारलं.

"सांगतो. दुखतं ना, तेव्हा ते सगळीकडे असतं. माणसाला दुसरं काही समजत नाही. समोर माणूस उभं असतं, बोलत असतं. तोंड हललेलं दिसतं, पण काय बोललं ते आत येत नाही. दोन वर्षं असंच होतं. थेंब सुरू केले आणि एके दिवशी जेवताना हिचा आवाज आला." मामांनी मामींकडे बोट केलं. "ही बहिणीच्या गुडघ्याबद्दल सांगत होती. मला पूर्ण वाक्य कळलं. मग मी हिच्याकडे पाहिलं. हिनं हिरवी साडी नेसली होती. मला वाटलं नवीच आहे. तेव्हा मला आनंद झाला. फार झाला. लिहून घ्या."

डॉक्टर सबनीसांचं पेन थांबलं होतं. मामी उठून उभ्या राहिल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण त्यांना कोण अडवणार?

"म्हंजे दोन वर्सं तुमाला ऐकूच येत नव्हतं?"

"ऐकू येत होतं. कळत नव्हतं."

"आनि हे मला सांगितलं का न्हाई?"

"काय सांगू? तुझं बोलणं कळत नाही म्हणून?"

"आनि मी म्हणत होते, मानूस शिष्ट झालाय!" मामींचा आवाज फाटला. "मी बहिनीला सांगितलं, वन्संना सांगितलं, का ह्यांना आता माझी किंमत न्हाई. अवो, मी किती वंगाळ बोलले तुमाला तोंडावर! ते बी कळलं न्हाई?"

"नाही."

"बरं झालं," मामी म्हणाल्या आणि तिथंच खुर्चीत बसून रडायला लागल्या. मामांनी मागे बांधलेले हात सोडले. सोडून काय करायचं ते त्यांना सुचेना. मॅडमनी पाण्याचा ग्लास मामींच्या पुढे सरकवला.

मग त्यांनी डॉक्टर सबनीसांना विचारलं, "काय म्हणता, डॉक्टर?"

डॉक्टर सबनीस फोन घेऊन बाहेर गेले. बराच वेळ व्हरांड्यात येरझाऱ्या घालत बोलत होते. काचेतून त्यांचे हातवारे दिसत होते, आणि आता ते आमच्याच बाजूनं भांडत होते हे दिसत होतं. परत येऊन म्हणाले, "मॅडम, कंपनी दावा मान्य करते. फक्त एक विनंती आहे, पुढच्या वेळी सरांनी फाईलला स्वतःहून काही जोडू नये."

"अर्धवट फाईल मी..." मामा सुरू झाले. मामींनी रडता रडता त्यांच्याकडे असं पाहिलं की ते थांबले.

मॅडम समझोत्याचा मजकूर सांगू लागल्या आणि कोपऱ्यातल्या संगणकावरच्या बाई टंकू लागल्या. "अर्जदार हे वेदनेवरील उपचार म्हणून, नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्याने सदर औषध घेतात. ते व्यसनी नाहीत. या औषधाने त्यांना नशा होत नाही..."

"हरकत आहे," मामा म्हणाले.

माझ्या घशातून आवाज निघाला. तो शब्द नव्हता, म्हणून मॅडमनी चालवून घेतला.

"नशा होत नाही, असं घालू नका. खोटं होईल. पहिल्या दिवशी थेंब मोजताना चूक झाली होती. त्या संध्याकाळी मी देवघरातल्या समईला सलाम ठोकला."

"दोनदा ठोकला," मामी म्हणाल्या.

मॅडमनी चष्मा काढला. त्या हसत होत्या, उघडपणे हसत होत्या. डॉक्टर सबनीस फायलीत तोंड घालून हलत होते. "मग काय लिहू, शेवाळे साहेब? तुम्हीच सांगा."

मामांनी विचार केला. "'सदर इसमास बरे वाटते.' एवढं पुरे."

तसंच लिहिलं गेलं. छापलं, सह्या झाल्या, शिक्का बसला. मामांनी तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. खिसा डावीकडे होता. कागद छातीला लागला तसे ते कळवळले, पण त्यांनी तो काढला नाही.

गाडीत बसल्यावर मामींनी पिशवीतून बाटली काढली. पुण्याला येताना त्यांनी ती कपाटातून गुपचूप उचलून आणली होती. मामा सीलकडे बघत राहिले. "कागद झाला ना?" मामींनी विचारलं. "झाला," मामा म्हणाले. मामींनी सील दातानं तोडलं आणि मामांनी तोंड उघडलं. थेंब पडले. मामींनी बटणं सोडली, शर्ट उतरवून पुन्हा हँगरला लावला. मी टॉवेल खिडक्यांना लावले आणि गाडी सुरू केली.

कात्रजचा बोगदा गेला, शिरवळ गेलं, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, गाडीत आवाज नव्हता. मामी गप्प होत्या. नऊ वर्षांत मी त्यांना इतका वेळ गप्प बघितलं नव्हतं. त्या खिडकीच्या टॉवेलकडे बघत बसल्या होत्या, जणू त्यातून बाहेरचं दिसत होतं.

खंबाटकी घाट चढून उतरलो. मामांचा श्वास आता सावकाश चालला होता. पाठ सीटला टेकली होती. त्यांनी मान वळवली.

"का गं? गप्प का?"

"काय बोलू?" मामी म्हणाल्या. "दोन वर्सं बोलले ते समदं फुकट गेलं. आता काय बोलू?"

मामा त्यांच्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "मग परत सांग."

"काय काय सांगू?"

"नागीण उठली तिथून सुरू कर. त्याच्या आधीचं मला माहीत आहे."

मामींनी त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. मग पदर सारखा केला, बसल्या जागी मांडी घातली आणि घसा साफ केला.

"तर त्या दिवशी सकाळी दूधवाला आलाच न्हाई. मी म्हणलं, असंल आजारी. तर पोतदारीन म्हणती कशी..."

आरशात मला मामा दिसत होते. ते मामींच्या तोंडाकडे बघत होते. सातारा गेला, नागठाणं गेलं. उंब्रज मागे पडलं तेव्हा मामी अजून त्या पहिल्याच आठवड्यात होत्या, आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या की मामा विचारत होते, "मग?"